म्हशीचे डोळे चमकतात, माणसाचे नाहीत

दादा,

आज माझ्या विरारच्या दुकानात एक टँकर चालवणारा माणूस आला होता. त्याला चष्मा नको होता, डोळे ठीक आहेत एवढा कागद हवा होता. मी त्याला तक्त्यासमोर बसवलं. खालची सगळ्यात बारीक ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली आणि तो उठायला लागला. मी म्हटलं, "बसा, अजून व्हायचंय," आणि खोलीतला दिवा मालवला. "लाईट गेली का मॅडम?" "गेली नाही, मी घालवली. आता जरा वेळ नुसतं बसायचं." तो हसला, मग चुळबुळला, मग गप्प झाला. अंधाराला डोळे सरावले असतील असं वाटल्यावर मी कोपऱ्यातला मिणमिणता दिवा लावला आणि राखाडी कागदावरची राखाडी चित्रं त्याच्यासमोर धरली. त्याला सगळी दिसली. कागद घेऊन जाताना तो म्हणाला, "इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण अंधारात बसवून कोणी तपासलं नव्हतं." मी म्हटलं, "माझे वडील ड्रायव्हर होते." त्याला वाटलं, एवढ्यात सगळं आलं. तो मान डोलावून गेला, आणि मी शटर अर्धं ओढून तुला लिहायला बसले.

तू जाऊन आता खूप वर्षं झाली. आपल्या खाडीकाठच्या गावाकडे जायला आता दिव्यांचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना इमारती आहेत, आणि तुझी बस जिथे वळायची तिथे फर्निचरचं दुकान आहे. पण मला तो रस्ता अजून तसाच आठवतो. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मध्ये डांबराची काळी पट्टी, आणि स्टेशन सोडलं की गावापर्यंत एकही खांब नाही. तू सातिवलीच्या एका कंपनीची बस चालवायचास. सकाळी गावोगावच्या कामगार बायका गोळा करून कारखान्यावर सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या, आणि शेवटी रिकामी बस आपल्या अंगणासमोर उभी करायची. आम्ही मुलंच काय, बसमधल्या पोक्त बायकाही तुला दादाच म्हणायच्या. हॉर्न कमी वाजवणारा, खड्डा आला की आधी सांगणारा, बाई चढून बसल्याशिवाय गिअर न टाकणारा ड्रायव्हर म्हणून तुझं नाव होतं. तुला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. उजेडात तुझ्याइतकी चांगली गाडी चालवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी तेव्हा मुंबईला डोळे तपासण्याचं शिकत होते. घरात इतकं शिकणारी मी पहिली, त्यामुळे रोज संध्याकाळी तुला काहीतरी नवं सांगायचं हा माझा नेमच झाला होता. एकदा आपण स्वयंपाकघरात बसलो होतो आणि वीज गेली. आई चुलीवर भाकऱ्या भाजत होती. निखाऱ्यांच्या उजेडात आपली मांजर आत आली, तिचे डोळे हिरवे चमकले, आणि मी सुरू झाले. मांजराच्या डोळ्यात पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो. आलेला उजेड एकदा पडद्यातून जातो आणि आरशावर आपटून परत पडद्यातून येतो, म्हणजे तिला थोडक्या उजेडात दोनदा बघायला मिळतं. आपल्याला तो आरसा नाही. आपल्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात, एक दिवसाच्या, रंग बघणाऱ्या, आणि एक अंधुक उजेडाच्या, ज्यांना रंग कळत नाही पण हालचाल कळते. म्हणून तिन्हीसांजेला जास्वंद आधी काळी दिसायला लागते. तू लक्ष देऊन ऐकलंस आणि म्हणालास, "आरशाचं मला म्हाईत नव्हतं. पन डोळे मी सगळ्यांचे वळखतो. कुत्र्याचे हिरवे, म्हशीचे निळसर, कोल्ह्याचे पिवळे. हेडलाईट पडला की लांबून कळतं कोन बसलंय." मला तेव्हा तुझं कौतुक वाटलं. तू एवढं बोललास, पण आई कंदील लावेपर्यंत पाटावरून हलला नाहीस. पाण्याचा तांब्या तुझ्यापासून हातभर लांब होता आणि तू म्हणालास, "पोरी, जरा पानी दे." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तू अंधारात नेहमीच असा बसायचास. काका कंदील घेऊन खाडीत चिंबोऱ्या धरायला जायचे तेव्हा तू जायचा नाहीस, म्हणायचास, मला चिखलाची किळस येते. जत्रेला गेलो तर दिवेलागणीच्या आत परत निघायचं. घरात हे सगळं तुझे स्वभाव म्हणून जमा होतं.

त्या डिसेंबरात एका संध्याकाळी मी स्टेशनाबाहेर तुझ्या बसमध्ये चढले. एरवी मी मागे बसायचे, त्या दिवशी पुढे इंजिनाच्या झाकणावर जागा मिळाली. शेजारी आपल्याच गावातली काकी, पॅकिंगला होती ती. बस स्टेशनाच्या उजेडातून बाहेर पडली आणि काकी बोलायला लागली. "सायकल हाय डाव्या अंगाला." थोड्या वेळाने, "दोघी चालल्यात, दादा, उजवीकडून." मग, "म्हशी." प्रत्येक वेळी तू "हां" म्हणायचास आणि चाक जरासं वळवायचास. मला आधी वाटलं, बाईला बोलायची सवय आहे. मग माझ्या ध्यानात आलं की ती माझ्याशी नाही, दुसऱ्या कोणाशी नाही, फक्त तुझ्याशी बोलतेय, आणि तू तिच्या शब्दावर गाडी चालवतोयस. अजून पुरता अंधारही नव्हता. खाचरांवर राखाडी उजेड होता, मला बांध दिसत होते, बगळे दिसत होते.

काकीचा माझ्यावर जीव. थोडं पुढे गेल्यावर तिने माझ्याकडे तोंड फिरवलं आणि माझ्या लग्नाचा विषय काढला. कुठलंसं स्थळ होतं, मुलगा सरकारी नोकरीत. ती सांगत होती आणि मी काचेतून पुढे बघत होते. तबेल्याकडे परतणारी म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती, पाठ आपल्याकडे, आणि तिच्या पलीकडे खांद्यावर काठी टाकलेला एक म्हातारा. मला दोघं अगदी स्वच्छ दिसत होते. मी वाट पाहिली की तू आता ब्रेक दाबशील. तू दाबला नाहीस. "दादा!" मी ओरडले. बस करकचून थांबली, मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या. म्हशीची शेपटी बंपरला लागत होती. ती सावकाश बाजूला झाली आणि म्हातारा आपल्याला शिव्या देत तिच्या मागून निघून गेला.

तू घाम पुसलास आणि म्हणालास, "पाठ करून उभी होती. डोळे दिसले नाय."

मी म्हटलं, "आणि तो म्हातारा?"

तू माझ्याकडे बघितलंस. "कोन म्हातारा?"

दादा, पुढचं सगळं आयुष्य मी त्या दोन शब्दांच्या बाजूला उभं राहून काढलं आहे असं म्हटलं तरी चालेल.

घरी आल्यावर मी तुला अंगणात बसवलं. माझं बोट तुझ्या कानाकडून हळूहळू नाकासमोर आणत विचारत राहिले, दिसलं का, दिसलं का. जिथे कोणालाही दिसावं तिथे तुला दिसत नव्हतं. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं तुला दिसत होतं, आणि ते मात्र लखलखीत. मला कॉलेजात शिकवलेलं सगळं आठवलं. अंधुक उजेडाच्या पेशी एकेक करून विझत जातात, कडेकडून, वर्षानुवर्षं, दुखत नाही, लाल होत नाही. मधल्या, दिवसाच्या पेशी शेवटपर्यंत टिकतात, म्हणून तक्ता वाचायला लावला की असा माणूस दरवेळी पास होतो. तू कंपनीच्या तपासणीत दरवर्षी पास होत होतास.

मी सांगितलं तेव्हा तू चिडलास. "कागद हाय माझ्याकडं. डॉक्टरनं लिवलंय, नजर बरोबर."

"तो भर उजेडात तपासलेला कागद आहे, दादा."

"दोन वरसं शिकलीस आनि बापाला आंधळा म्हनतेस?"

"आंधळा नाही म्हणत. संध्याकाळी गाडी चालवू नको म्हणते."

"इतकी वरसं चालवली. एक कोंबडी मेली नाय माझ्या हातून."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "म्हशीचे डोळे चमकतात म्हणून ती तुला दिसते, दादा. माणसाचे डोळे चमकत नाहीत." तू उठलास. ओटीवरच्या दिव्याच्या उजेडाबाहेर पाऊल टाकणार होतास, तिथेच थबकलास, आणि पाठ माझ्याकडे करून म्हणालास, "तुझ्या शिकन्याचा हाच उपेग करायचा होता तर घरी बसवली असती तर बरं." आयुष्यात तू मला रागावून बोललेलं हे एकच वाक्य.

आई दारात उभी राहून ऐकत होती. रात्री भांडी घासताना तिने मला हळूच सांगितलं, "लग्न झाल्यावर आम्ही संध्याकाळी देवळात जायचो. येताना हा माझा हात घट्ट धरायचा. बाकीच्या बायका हसायच्या. मला वाटायचं, हौस हाय मानसाला." ती हसली आणि मग तिने पातेलं इतका वेळ घासलं की मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. तिला माहीत होतं. काकीला माहीत होतं. बसमधल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. तुझ्याभोवती इतक्या जणी मिळून डोळे झाल्या होत्या, आणि प्रेमानेच झाल्या होत्या. पण पुढे बसलेली बाई एका लग्नाच्या गोष्टीएवढा वेळ तोंड फिरवून बसली, तर रस्त्यावरच्या म्हाताऱ्याने काय करायचं?

मी तुला म्हटलं होतं की तू कंपनीला नाही सांगितलंस तर मी सांगेन. तुला वाटलं, ही काय जाते. नव्या आठवड्यात मी कॉलेजला दांडी मारली आणि सातिवलीला गेले. गाळ्यांच्या मधून, पत्रा कापण्याच्या आवाजातून, सांडलेल्या ऑइलवरून वाट काढत तुझ्या सुपरवायझरच्या टेबलासमोर उभी राहिले. त्याने तुझा कागद काढला, म्हणाला, "यात तर सगळं बरोबर आहे." मी म्हटलं, "आज सुटायच्या वेळी त्यांना आवारात उभं करा, दिवे लावू नका, आणि समोर किती माणसं आहेत ते विचारा." तो भला माणूस होता, पण विचार न करता त्याने ते सगळ्या बायकांसमोर केलं. समोर तिघं जण उभे होते. तू म्हणालास, "कोन नाय." काकीने हे मला गेटाबाहेर सांगितलं आणि वर म्हणाली, "आम्ही इतक्या जनी होतो ना सांगायला. तू कशाला मधी पडलीस?" त्या संध्याकाळी बस दुसऱ्याच कोणी चालवत आणली, आणि तू ज्या सीटवर कधी बसला नव्हतास अशा मागच्या सीटवर बसून, खिडकीकडे तोंड करून घरी आलास.

कंपनीने तुला काढलं नाही. गेटावर दिवसपाळीला बसवलं. पण बसचं चाक आणि गेटाची साखळी यांतलं अंतर मला कळत होतं. तू माझ्याशी बोलणं टाकलंस. भांडण नाही, आदळआपट नाही. मला काही सांगायचं झालं तर आईला सांगायचास, मी समोर असताना. "तिला म्हनावं, छत्री घेऊन जा." मी आईलाच उत्तर द्यायचे. पाऊस आला, गेला, तरी तेच. मला वाईट वाटायचं, पण आपण चुकलो असं एक दिवसही वाटलं नाही, हे मी तुला आज तोंड वर करून सांगते. मी रडले ती तुझ्यासाठी. माझ्या निर्णयासाठी नाही.

मग आईने तुला माझ्या कॉलेजच्या दवाखान्यात यायला कसं तयार केलं ते तिचं तिलाच ठाऊक. आमच्या सरांनी बाहुल्या मोठ्या करून तुझा पडदा पाहिला, मलाही दाखवला. कडेने कोळशाच्या कण्या पसराव्यात तसे काळे डाग, आणि मध्ये अजून निरोगी तांबूस गोल. औषध नाही असं सरांनी तुला सरळ सांगितलं. मग एक शेवटची तपासणी उरली होती, पूर्ण अंधाऱ्या खोलीत अर्धा तास बसून मंद दिवा कधी दिसतो ते सांगायची. सर मला म्हणाले, "तूच बस त्यांच्याबरोबर."

दार लागलं. तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग यंत्रातला दिवा अगदी हळू, फुंकर घातल्यासारखा, उजळायला लागला. मी काही बोलायचं नव्हतं, तुलाच सांगायचं होतं. तो ठिपका मला दिसला, मग नीट दिसला, मग त्याच्या उजेडात तुझ्या हाताची बोटंसुद्धा दिसायला लागली. तू सरळ समोर बघत होतास.

"लावला काय दिवा?" तू विचारलंस. किती महिन्यांनी तू माझ्याशी बोललास, आईला मध्ये न घेता.

"लावलाय, दादा."

"तुला दिसतोय?"

"हो."

"कवापासून?"

"बराच वेळ झाला."

तुझी बोटं गुडघ्यावर चाक धरल्यासारखी वळलेली मला दिसत होती, आणि मला ती दिसताहेत हे तुला ठाऊक नव्हतं. मग तू अगदी हळू म्हणालास, "त्या रस्त्यानं मिठागरावरची मानसं चालत जातात. बायकापोरं घेऊन." आणि थोड्या वेळाने, "कोन मेलं नाय ते बरं झालं."

बाहेर आलो तेव्हा तू व्हरांड्यातल्या उजेडात डोळे बारीक करून उभा राहिलास आणि माझा हात धरलास. आईचा धरायचास तसा, घट्ट. स्टेशनापर्यंत सोडला नाहीस, भर दुपार असूनही.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. गेटावर बसून तुझा जीव रमेना, तेव्हा तू नोकरी सोडून घरामागच्या वाडीत केळी आणि मोगरा लावलास. उन्हाबरोबर उठायचं, ऊन कलायच्या आत घरात. अंधार पडल्यावर मी तुला कोपर पुढे करायचे आणि तू न लाजता ते धरायचास. काकीनेही अबोला सोडला, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी करवून दिलं त्या वर्षी. माझं लग्न झालं, दुकान झालं, आणि पहिल्या दिवसापासून मी दिवा मालवून तपासणारी बाई म्हणून ओळखली गेले. आजवर तुझ्यासारखे सहा ड्रायव्हर सापडले. एक जण माझ्या टेबलावर हात आपटून गेला होता, दुसऱ्याने बायकोला पाठवून विनवण्या केल्या. मी एकालाही कागद दिला नाही. त्यांच्या मुली माझ्याकडे येऊन बसतात तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला माहीत असतं, आणि त्यांना काय सांगायचं तेही.

शेवटच्या उन्हाळ्यात तू मला ओटीवर विचारलं होतंस, "माझे डोळे कोनाच्या कामाचे नाय ना आता?" मी म्हटलं, "मागचा पडदा बिघडलाय. पुढचा पारदर्शक भाग अगदी चांगला आहे, तो दुसऱ्याला बसवता येतो." तू हसलास. "म्हंजे काच शाबूत, वायरिंग गेलं. मग काच काढून घे माझी, वाया कशाला घालवायची." पावसाच्या आधी एका सकाळी तू वाडीतून आलास, छातीवर हात ठेवून पायरीवर बसलास आणि गेलास. घर भरलं होतं. मी पंखा बंद केला, तुझ्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीला फोन केला. काका म्हणाले, "अगं, डोळ्यांशिवाय पाठवायचं त्याला?" आई म्हणाली, "त्यानंच सांगितलंय," आणि विषय संपला. ते लोक येऊन, काम करून, हात जोडून गेले. कोणाला बसवले हे ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे, आणि तो नियम बरोबर आहे असं मीच पेशंटांना समजावते.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. खणात ठेवेन, आणि उद्या दुकान नेहमीच्या वेळेला उघडेन. फक्त एक गोष्ट आहे, ती कोणाला सांगितलेली नाही. यंत्राखाली एखाद्याचा डोळा तपासताना बुबुळावर बारीक गोल टाक्यांची खूण दिसली, दुसऱ्याची काच बसवल्याची, की मी थांबते. तपासणीला त्याची काही गरज नसते, तरी सहज विचारल्यासारखं विचारते, "हे ऑपरेशन कोणत्या वर्षी झालं हो तुमचं?"